थर्मोकोलच्या पेटीतली घोळ

माझं माहेर घाटावरचं. तिथे घोळ कुणी लावत नाही, उपटतात. पावसाळ्यात बाजरीच्या सऱ्यांमधून ती लालसर, मांसल देठ पसरून बसते आणि बायका खुरप्याने खरवडून तिला बांधावर फेकतात. फेकलेली घोळ मरत नाही, हा तिचा दुसरा उपद्रव. आठवडाभर उन्हात पडून राहते आणि एखादी सर आली की तिथेच मूळ धरते. त्यातली थोडी कवळी बघून कुणी घरी नेली तर डाळ घालून भाजी करायची, नाहीतर म्हशीपुढे टाकायची. त्यामुळे लग्न होऊन मी पालघर जिल्ह्यात आले आणि माझ्या सासूबाई माकुणसारच्या वाडीत, विहिरीच्या काठाला, घोळीला चक्क वाफा करून जपताना पाहिल्या, तेव्हा मला हसू आलं. मी तसं बोलूनही दाखवलं.

"आई, हे तण आहे."

"खाऊन बघ, मंग तन म्हन," त्या म्हणाल्या.

खाल्ली आणि गप्प बसले. तेलात भरपूर लसूण, कांदा, हिरवी मिरची, मूठभर सुका जवळा आणि वर चिरलेली घोळ. चिंच नाही, कोकम नाही. तरी ती भाजी अशी आंबट, की तांदळाची भाकरी कधी संपली ते कळलं नाही. किनाऱ्यावर घोळ नावाचा मासाही आहे आणि त्याचा थाट मोठा. पण सासूबाईंच्या घरात "आज घोळ हाय" म्हटलं की ती विहिरीकाठचीच. घाटावरच्या आमच्या घोळीला इतका आंबटपणा कधी नव्हता. तो का नव्हता, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मी बोईसरला औषधं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. वीसेक वर्षं झाली. हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, पण दिवसभर करायचं काय, तर तपासायचं. सकाळी गेल्या गेल्या पहिलं काम म्हणजे आंबटपणा मोजायच्या यंत्राचीच परीक्षा. ज्याचा आकडा आधीपासून माहीत आहे अशा द्रावणात त्याची कांडी बुडवायची. आकडा बरोबर आला तर यंत्र आज खरं बोलेल असं धरून पुढे जायचं. दुसरा नियम, नमुन्याच्या बाटलीवर वेळ लिहिलेली नसेल तर ती बाटली घ्यायची नाही. प्लांटमधले ऑपरेटर याच्यावरून माझ्या नावाने बोटं मोडतात. "मॅडम, टाइम से क्या फरक पडता है, माल तो वही है." मी बाटली परत पाठवते. तिसरा नियम तर पहिल्या दिवशीच शिकवतात, की इथलं काहीही तोंडात घालायचं नाही. ही शेवटची सवय माझ्या अंगात इतकी मुरली आहे की घरी स्वयंपाक करतानाही मी चाखत नाही. मीठ मापाने घालते, आणि ते चुकत नाही याची मला घमेंडही होती.

सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. सासूबाई माकुणसारला एकट्या राहायच्या. कौलारू दोन खोल्या, पडवी, मागे वाडी; वाडीत नारळ, थोड्या सुपाऱ्या, केळी आणि विहीर. पाड्यावरची एक बाई रोज कामाला यायची, तेवढीच सोबत. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत विहिरीजवळच्या शेवाळावरून सासूबाईंचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि बोईसरला तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात, बाहेरच्या खोलीत त्यांचा पलंग टाकला. वॉकर सुटेपर्यंत इथे, मग परत माकुणसार, असं बोलणं झालं होतं. ते बोलणं कुणी पाळणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं आणि माझ्या नवऱ्यालाही.

त्यात केळव्याचा एक होमस्टेवाला येऊन गेला. शनिवार-रविवारी मुंबईहून येणारी माणसं केळव्यात मावत नाहीत, म्हणून त्याला माकुणसारला वाडीतलं घर हवं होतं, चांगल्या लांब मुदतीने. नवऱ्याने त्याला नाही म्हटलं नाही. "मे महिन्याच्या आधी सांगतो," म्हणाला. म्हणजे सासूबाईंचं घर सासूबाईंकडे राहतं की जातं, हे चार महिन्यांत ठरणार होतं, आणि त्या एकट्या राहू शकतात की नाही, एवढ्यावरच ते ठरणार होतं. हाड तर जुळत होतं. प्रश्न हळूहळू हाडाचा राहिला नाही.

सुरुवात जेवणावरून झाली. त्या जेवेनात. दोन घास भात, चतकोर भाकरी, आणि ताट बाजूला. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी तोंडाची चव जाते कधी कधी, येईल. चार-पाच वेळा खोदून विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घोळ असती तर खाल्ली असती."

बोईसरच्या बाजारात गावाकडच्या बायका पावसाळ्यात घोळीच्या जुड्या घेऊन बसतात, पण तेव्हा फेब्रुवारी होता. पुढच्या सुट्टीला मी माकुणसारला गेले. घर उघडून झाडलं आणि विहिरीकाठच्या वाफ्यातली घोळ मुळासकट उपटून ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. मासळी बाजारातल्या ओळखीच्या बाईने बर्फाच्या दोन थर्मोकोलच्या पेट्या दिल्या. त्यांचा बोंबलांचा वास जायला तीन दिवस लागले. तळाला स्क्रू-ड्रायव्हर तापवून भोकं पाडली, खाली खापऱ्यांचे तुकडे, वर वाडीची माती आणि थोडं शेणखत, आणि पेट्या गॅलरीच्या कठड्याशी ठेवल्या. आमची गॅलरी पूर्वेची. सकाळचं ऊन थेट येतं.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. रोज सकाळी मापट्याने ठरावीक पाणी, एक थेंब इकडे नाही की तिकडे. सासूबाईंना पलंगावरून गॅलरी दिसत नव्हती, पण पाण्याचा आवाज ऐकू जात होता.

"रोज पानी नको घालू, बाय," त्या आतून म्हणाल्या. "तिला तहान लागू दे."

मी बरं म्हटलं आणि घालत राहिले. झाड म्हणजे पाणी हवंच, असं घाटावरच्या माणसाच्या डोक्यात पक्कं असतं. आमच्याकडे पाणी जास्त झाल्याने काही मेलेलं मी पाहिलेलं नाही. पंधरा दिवसांत एका पेटीतली घोळ बुडाशी काळी पडली आणि देठ हात लावला की पिचकायला लागले. तेव्हा कुठे मी पलंगापाशी जाऊन बसले आणि त्यांनी सांगितलं तसं केलं. चांगले शेंडे बोटबोटभर खुडले, एक दिवस सावलीत तसेच टाकले, कापलेली तोंडं सुकू दिली. मातीत निम्मी वाळू मिसळली. शेंडे नुसते टोचले आणि चार दिवस पाणी दाखवलं नाही. पाचव्या दिवशी पानं ताठ झाली होती. त्यानंतर माती वरून भुरभुरीत कोरडी झाल्याशिवाय मी पाण्याला हात लावला नाही, आणि घोळ अशी फोफावली की पेटीच्या बाहेर लोंबायला लागली.

मला ती आवडायला लागली हे कबूल करते. कामावर निघायच्या गडबडीत तिच्याकडे बघायला वेळ नसे, पण सुट्टीच्या दिवशी चहा घेऊन मी गॅलरीत बसायची. नऊ-साडेनऊला ऊन चांगलं तापलं की तिची मिरीएवढी पिवळी फुलं उघडतात आणि दुपारपर्यंत मिटूनही जातात. मिटलेल्या फुलाची पुढे बारीक डबी होते, तिचं झाकण निघालं की आत खसखशीहून बारीक काळं बी. ते बी पुरायचं नाही, मातीवर नुसतं भुरभुरायचं, हेही सासूबाईंनीच सांगितलं. कापताना खाली दोन पेरं सोडायची म्हणजे ती दुपटीने फुटते. खालच्या मजल्यावरची बिहारची भाभी एकदा वर आली आणि पेट्या पाहून हरखून गेली. "अरे, ये तो नोनी साग है." तिलाही चार शेंडे दिले.

मार्चमध्ये पहिली तोड झाली. मी साडेपाचला कंपनीच्या बसमधून उतरते, सहापर्यंत घरी. हातपाय धुतले, कात्री घेऊन गॅलरीत गेले आणि एका पेटीतली घोळ कापली. दिवसभर ऊन खाऊन पानं कशी टवटवीत दिसत होती. निवडायला ताट सासूबाईंच्या मांडीवर दिलं. चष्मा नव्हता डोळ्यावर. बोलता बोलता त्यांनी एक देठ वेगळा काढला, मोडला, पांढरा चीक दाखवला आणि बाजूला ठेवला. घोळीसारखंच दिसणारं ते दुसरं रानगवत माझ्या नजरेतून सुटलं होतं. "चीक आला तर ती घोळ नाय," त्या म्हणाल्या. मग सहज विचारावं तसं विचारलं, "कवा काढलीस?"

"आत्ताच, आई. ताजी ताजी," मी म्हटलं. मला त्याचा अभिमान होता.

त्यांनी निवडायला पुढचा देठ उचलला.

भाजी झाली. घोळ शिजली की पेटीभराची वाटीभर होते, त्यामुळे ती सगळी त्यांच्याच ताटात वाढली. मी चाखली नाही, हे वेगळं सांगायला नको. सासूबाईंनी पहिला घास घेतला, चावला, थांबल्या.

"आंबट नाय," त्या म्हणाल्या.

"कोकम घालू का?"

"मंग कोकमच खाते की. ही आपली घोळ नाय, बाय."

"आई, तुमच्याच विहिरीवरची आहे. मी माझ्या हाताने उपटून आणली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि भाकरीचा तुकडा मोडून गपचूप खायला लागल्या. चतकोरावर थांबल्या.

दुसऱ्या आठवड्यात तेच, तिसऱ्या आठवड्यात तेच. प्रत्येक वेळी मी कामावरून येऊन ताजी कापायची, प्रत्येक वेळी ती त्यांना आंबट लागत नव्हती. आता माझ्यासारखी बाई यातून काय काढणार? झाड तेच, माती वाडीचीच, रांधायची रीतही त्यांचीच. बदललं होतं एकच, खाणारी जीभ. मी स्वयंपाकघरात उभी राहून नणंदेला फोनवर तसं सांगितलं. "आईंची जीभ गेली आहे. स्वतःची घोळ ओळखता येत नाही त्यांना." आमचं स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये दार नाही, पडदा आहे. नणंद म्हणाली, "नुसती जीभच ना? डोकं ठीक आहे ना तिचं?"

एकदा हा प्रश्न घरात शिरला, की उत्तरं आपोआप गोळा व्हायला लागतात. सासूबाई खालच्या भाभीचं गाव विसरल्या. नळ चालू आहे म्हणाल्या, तर तो शेजारचा निघाला. आणि एक दिवस चादर बदलताना उशीखाली वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेला चिंचेचा गोळा सापडला. डब्यातून कधी काढला असेल कोण जाणे. वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जायला त्या नुकत्याच लागल्या होत्या.

"हे काय, आई?"

"असू दे," त्या म्हणाल्या आणि गोळा माझ्या हातातून घेऊन परत उशीखाली सारला.

मी नवऱ्याला सांगितलं. त्याने खिडकीबाहेर बघत ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नाही. आईला विहिरीकाठी पडलेलं त्याने पाहिलं होतं, आणि ते त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. "एकटी नाही राहू शकत ती आता," एवढंच म्हणाला. वारंवार माझ्या मनात येतं, की चष्मा नसताना चिकाचा देठ ओळखणारी बोटं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि ती कुणालाच सांगितली नाहीत. उशीखालची चिंच मात्र सांगितली.

एप्रिलच्या मध्याला होमस्टेवाला शेवटचं ठरवायला येणार होता. नवऱ्याने त्याला आमच्या सुट्टीच्या दिवशी जेवायलाच बोलावलं. दुपारी जेवण म्हणजे सकाळी लवकर उठणं आलं. मी पाचला उठले, डाळ-तांदूळ भिजवले, आणि उजाडता उजाडता, अजून समोरच्या इमारतींवर ऊन आलं नव्हतं, तेव्हा गॅलरीत जाऊन दोन्ही पेट्या कापून टाकल्या. पाहुण्यालाही भाजी पुरली पाहिजे. पानं दव पडल्यासारखी गार लागत होती.

जेवायला आम्ही चौघं. होमस्टेवाला बोलका होता. वाडीत झोपाळे कुठे लावणार, विहिरीला जाळी कशी बसवणार, हे सांगत होता. सासूबाई भिंतीला टेकून खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर ताट. त्यांनी घोळीचा घास घेतला आणि त्यांचा हात ताटातच थांबला.

"आज आंबट हाय," त्या म्हणाल्या. "आज कुठून आनलीस?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला पुरती कळली. परवाच्या घोळीला नाही म्हणाली, आज त्याच पेटीतल्या घोळीला हो म्हणते. अजून काय पुरावा हवा? मीसुद्धा क्षणभर तेच म्हणाले मनात. पण त्या दिवशी भाजी भरपूर झाली होती आणि माझ्याही ताटात होती. मी घास घेतला.

आंबट होती. पडवीत बसून पहिल्यांदा खाल्ली होती तितकी. जिभेच्या कडांना पाणी सुटावं तितकी. आणि मी तीन आठवडे या बाईला, तिची जीभ गेली, असं म्हणत होते.

"आजचं राहू द्या," मी होमस्टेवाल्याला म्हटलं. "आठ दिवसांनी सांगतो."

नवरा चकित झाला, पण त्याने पाहुण्यापुढे भाताचं पातेलं सरकवलं.

या वेळी बदललं होतं एकच, कापायची वेळ. कंपनीतून मी आंबटपणा तपासायच्या कागदाच्या चार पट्ट्या आणल्या. आणायला नको होत्या. पेट्या कापून झाल्या होत्या, म्हणून पुन्हा पानं फुटायला आठवडा थांबले. मग एका पहाटे एकाच फांदीची चार पानं खुडली, वाटीत चमचाभर पाण्यात कुस्करली आणि पट्टी बुडवली. पट्टी नारिंगी झाली, म्हणजे आंबट. कामावरून आल्यावर त्याच फांदीची चार पानं, तेवढंच पाणी, दुसरी पट्टी. फिकट पिवळी. दोन्ही पट्ट्या मी ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि बघत राहिले. वीस वर्षं मी बाटल्या परत पाठवल्या होत्या, वेळ लिहिली नाही म्हणून. आणि माझ्या घरात, माझ्या हाताने काढलेल्या नमुन्याची वेळ मला कुणी विचारली होती, तर मी म्हटलं होतं, आत्ताच, ताजी ताजी.

पट्ट्या घेऊन मी पलंगापाशी गेले. सासूबाईंनी त्या हातात घेऊन पाहिल्या, पण त्यांना त्यात फारसं काही वाटलं नाही.

"मंग?" त्या म्हणाल्या. "घोळ उजाडताना काढतात. ऊन खाल्लं का तिची आंबटी जाते. रातच्याला परत येते. आमच्याकडे सगल्यांना म्हायती हाय."

"मग मला सांगितलं का नाही?"

"विचारलं ना मी, कवा काढलीस. तू म्हनालीस, आत्ताच. दिवसभर काम करून आलेल्या बाईला काय सांगू, पहाटे उठून काढ?"

मी त्यांच्या पायाशी बसले. पहाटे मी पाच-साडेपाचला उठतेच, पोळ्या लाटायला; गॅलरी दहा पावलांवर होती. त्यांनी फक्त एकदा तोंड उघडायचं होतं. पण दुसऱ्याच्या घरात पलंगाला खिळलेलं माणूस एकदाच विचारतं, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

त्या संध्याकाळी नवरा घरी आल्यावर मी पडद्याआड गेले नाही. बाहेरच्या खोलीत, सासूबाईंच्या समोर, दोन पट्ट्या त्याच्या हातात दिल्या आणि म्हटलं, चूक माझी होती. आईंची जीभ ठीक आहे, डोकं ठीक आहे, मी नमुनाच चुकीच्या वेळी घेतला. नणंदेलाही फोन करून स्पीकर चालू ठेवून तेच सांगितलं. नवरा पट्ट्या उलटसुलट करून बघत राहिला. मग आईला म्हणाला, "पडलीस तर?"

"तू काय इथे मना धरून बसतोस का? दोघं कामाला जाता. इथं पन एकटीच असते मी," सासूबाई म्हणाल्या. "तिथं निदान ती बाई येते."

होमस्टेवाल्याला नकार गेला. नवऱ्याने विहिरीकाठचा उतार सिमेंटने खडबडीत करून घेतला, पाइपाचा कठडा लावला, आणि पाड्यावरची बाई रात्री मुक्कामाला राहायला कबूल झाली. मेच्या शेवटी, लोकांची सुका जवळा आणि बोंबील भरून ठेवायची घाई चालली असताना, आम्ही सासूबाईंना रिक्षाने माकुणसारला नेऊन सोडलं. वॉकर त्यांनी पडवीत कोपऱ्यात ठेवला आणि काठी घेतली. पहिल्यांदा विहिरीकडे गेल्या. वाफा मोकळा पडला होता, पण कडेने घोळ आपली आपण उगवली होती.

माझ्या पेट्या अजून गॅलरीत आहेत. थर्मोकोल कडेने तुटलाय, दोरी बांधून चालवतेय. मागच्या महिन्यात सुट्टीला मी पहाटे घोळ कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि पहिल्या गाडीने सफाळ्याला उतरून माकुणसारला गेले. सासूबाई पडवीत बसल्या होत्या. फडकं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"कवा काढलीस?"

"साडेपाचला. अंधार होता."

त्यांनी एक पान तोंडात टाकलं. चावलं. "आंबट हाय," म्हणाल्या आणि घोळ निवडायला घेतली. थोडी निवडून झाल्यावर, हातातलं काम न थांबवता, त्या म्हणाल्या, "तू तवा फोनवर बोललीस, मी आयकलं होतं. माजी जीभ गेली म्हनून."

मला खाली बघावंसं वाटलं. "आई, तेव्हाच मला टोकायचं होतं."

"कसं टोकू? मना पन वाटलं, गेली आसंल." त्यांनी एक देठ मोडून बघितला, चीक नव्हता, तो ताटात टाकला. "तुमी सगले कामावर गेलात का मी चिंच लावून बघायची जिभेला. रोज. चिंच आंबट लागायची. मंग घोळ का नाय लागत, ते कळत नव्हतं."

मी उठले आणि त्यांच्या शेजारी, अगदी खेटून बसले. उशीखालचा कागद, त्यात बांधलेला तो काळा गोळा, आणि रिकाम्या घरात पलंगावर बसून तो जिभेला लावून बघणारी ही बाई. सकाळी यंत्राची कांडी ओळखीच्या द्रावणात बुडवताना आता ती मला रोज दिसते.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

त्यांनी ताटातली निम्मी घोळ माझ्याकडे सरकवली, आणि आम्ही दोघी निवडत बसलो.